प्रोटोटाइप एकदाच लिही

चि. पोरा,

परवा अमळनेर स्टेशनवर तुझा गुंता ऐकला, पण गाडी आली आणि माझं बोलणं अर्धं राहिलं. एकच प्रोटोटाइप, म्हणजे प्रोसिजर (कोडचा बोलवता येणारा तुकडा) कशी बोलवायची, तिला कोणते पॅरामीटर किती लांबीचे द्यायचे याचं वर्णन, सहा प्रोग्राममध्ये चिकटवलाय, टीम लीड म्हणतो चालतंय ना, आणि कुणी सांगितलं की आयबीएम आय ७.१ पासून आरपीजी भाषेत प्रोटोटाइप लागतच नाही.

हे अर्धंच खरं. प्रोसिजर तिच्याच मॉड्यूलमध्ये (एकत्र कंपाइल होणाऱ्या कोडमध्ये) वापरायची असेल तर प्रोसिजर इंटरफेस, म्हणजे प्रोसिजरच्या आतच लिहिलेली पॅरामीटरची यादी, पुरतो, तिथे उगाच लिहू नको. एक्सपोर्ट केलीस, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना खुली केलीस, की मात्र प्रोटोटाइप हवा. तो एकदाच लिही, कॉपी मेंबरमध्ये, म्हणजे /कॉपी लिहून हवा तिथे आणता येणाऱ्या वेगळ्या सोर्समध्ये. वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये तो आणतोसच. जिथे प्रोसिजर लिहिलीस त्या मॉड्यूलमध्येही आण. हेच लोक टाळतात! इंटरफेसशी ताडून कंपायलर बघतो तो फक्त तिथेच. सर्व्हिस प्रोग्रामच्या (एक्सपोर्ट केलेल्या प्रोसिजरांच्या गठ्ठ्याच्या) सिग्नेचरवर, म्हणजे त्याच्या ओळखखुणेवर, विसंबू नको. ती एक्सपोर्टची नावं आणि क्रम बघते, पॅरामीटर नाही.

एका कारखान्यात केळीवाल्यांच्या बिलांचं काम माझ्याकडे होतं. कोडवरून गावाचं नाव भरून देणारी प्रोसिजर, पॅरामीटर ३० अक्षरांचा. मी तो ५० केला. एका प्रोग्राममध्ये मीच चिकटवलेला जुना प्रोटोटाइप ३० चाच राहिला. पॅरामीटर रेफरन्सनं जातो, म्हणजे प्रोसिजरला मिळतो नुसता मेमरीतला पत्ता. तिनं तिथून ५० अक्षरं लिहिली. शेवटच्या २० जागा शेजारच्या व्हेरिएबलच्या, खाते क्रमांकाच्या. त्या कोऱ्या झाल्या. कंपाइल स्वच्छ, बाइंड (मॉड्यूल जोडणं) स्वच्छ, प्रोग्राम एकदाही पडला नाही. आखाजी तोंडावर, लेकी माहेरी यायच्या, आणि रावेर-यावलच्या लोकांचे पैसे अडकले. एक म्हातारे बाबा दारात उभे राहून विचारत होते, "काय व्हयनं भाऊ?" मला सांगता येईना. ते अजून आठवतं.

पुढे मी जुने सगळे प्रोग्राम उघडून चिकटवलेले प्रोटोटाइप काढले. साहेब म्हणाले, वेळ वाया घालवतोस. त्या वर्षी बढती हुकली. हुकू दे. त्यानंतर पॅरामीटर बदलला की चूक कंपाइललाच सापडायची, बिलात नाही. मी हट्टी होतो, पण बरोबर होतो.

बाकी थोडं. जो पॅरामीटर प्रोसिजर बदलणार नाही, त्याला कॉन्स्ट लाव. मग लांबी वेगळी असली तरी कंपायलर योग्य मापाची तात्पुरती जागा करून देतो. पण प्रोटोटाइपच शिळा असेल तर कॉन्स्ट काय करणार? म्हणून पुन्हा सांगतो, एकाच जागी. एक्सपोर्टला प्रोटोटाइप सक्तीचा करणारा पर्याय आता कंट्रोल ऑप्शनमध्ये (सोर्सच्या सुरुवातीला कंपायलरला दिलेल्या सूचनांमध्ये) आहे, तुमच्या मशीनवर असेल तर चालू कर.

लीडशी वाद घालत बसू नको. आधी प्रोसिजरच्या मॉड्यूलमध्ये /कॉपी घाल आणि कंपाइल कर. मग एकेक करून सहाही प्रोग्राममधले चिकटवलेले प्रोटोटाइप काढ. कुठे कंपाइल अडलं तर ती ओळ मला पाठव, रात्री कितीही वाजले तरी.