शून्य ते दहा

कामाला वाहून घेतलेल्या माणसाने घराला किती वेळ दिला म्हणजे पुरे होते, हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात गेली अनेक वर्षे वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर येत आहे. विचारणारे कधी पोलीस अधिकारी असतात, कधी शिक्षक, आणि बहुतेक वेळा डॉक्टर. त्यांपैकी एका कर्करोगतज्ज्ञांची हकिकत त्यांच्या अनुमतीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

डॉक्टर पन्नाशीचे. रात्री अकरा वाजताही रुग्णाच्या नातेवाइकाचा फोन उचलणारे. तरीही रविवार त्यांनी घरासाठी राखला होता. मुलीच्या पालकसभेला ते जात, कोणाचा वाढदिवस विसरत नसत. असे असून पत्नी अबोल झाली आहे आणि तेरा वर्षांची लेक खोलीचे दार लावून बसते, ही त्यांची व्यथा होती. "मॅडम, अजून किती वेळ देऊ?" त्यांनी विचारले.

पुढच्या भेटीला पत्नी आल्या. "वेळ देतात हो," त्या म्हणाल्या, "पण आमच्या घरात कोणाला दुखायची सोयच राहिलेली नाही. लेक रडत आली की हे सांगतात, आज बावीस वर्षांच्या मुलाला मी काय सांगून आलोय ते ऐक. मग ती कशी रडणार?" बोलता बोलता त्यांनी पर्स डाव्या हाताने उचलली. उजवा खांदा चार महिन्यांपासून वर जात नव्हता, आणि ते डॉक्टरांना माझ्या खोलीत, त्या दिवशी कळले.

तासांचा हिशेब येथे कामाचा नाही, हे मला तेव्हाच जाणवले. तिसऱ्या भेटीत मी एवढेच विचारले, "रुग्णाचे दुखणे तुम्ही मोजता कसे?"

डॉक्टर खुलले. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे कल्पनेपलीकडचे. रुग्ण सांगेल तो आकडा नोंदवायचा आणि त्यावरून औषध ठरवायचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेली, साध्या वेदनाशामकांपासून मॉर्फिनपर्यंत जाणारी तीन पायऱ्यांची शिडी त्यांनी मला कागदावर काढून दाखवली.

"एखादा आठ म्हणाला आणि शेजारच्या खाटेवरचा त्याहून गंभीर असला, तर तुम्ही आठ खोडून तीन लिहिता?"

"छे! दुखणं ज्याचं त्याचं."

एवढे बोलून ते थांबले. चष्मा काढून काचा रुमालाने पुसत राहिले. त्या केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. मग हळूच म्हणाले, "घरी मी रोज आकडा खोडतोय."

त्या शांततेत मी मध्ये बोलले नाही, याचे मला आजही समाधान वाटते. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणारे केंद्र, सुरू केले, ते वेदना शरीरापुरती नसते, मनाची आणि नात्यांचीही असते, या जाणिवेतून. माझी सारी बैठक याच विचारावर आहे. मात्र एक गोष्ट मला या डॉक्टरांनी शिकवली. रोज मृत्यू पाहणारा माणूस सर्वांत आधी स्वतःचा आकडा खोडतो, आणि तीच सवय घरच्यांना लागते.

म्हणून अशा घरांना मी सांगते की, आल्याबरोबर दहा मिनिटे कोणाचीही तुलना न करता ऐकावे. "त्यात काय एवढं" हे शब्द गिळावेत. सांगितलेल्या आकड्याशी वाद घालू नये. कुठे दुखते, केव्हापासून दुखते, एवढेच विचारावे. उपाय लगेच सुचवण्याचा मोह डॉक्टरांना फार होतो, तो आवरावा. आणि ज्याचे काम मरणाच्या सोबतीचे आहे, त्यालाही कोणीतरी विचारावे. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर तज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

शेवटच्या भेटीत त्यांनी घरचा प्रसंग सांगितला. लेकीला खो-खोच्या संघातून वगळले होते. त्यांनी विचारल्यावर ती आधी "दोन" म्हणाली. ते काही न बोलता शेजारी बसून राहिले, तेव्हा म्हणाली, "खरं सांगू? आठ."

पत्नी दारात उभ्या होत्या. खांद्याचे व्यायाम सुरू झाले होते. त्यांनी तिथूनच विचारले, "आणि तुमचं हो?"

उत्तर द्यायला डॉक्टरांना बराच वेळ लागला. मग त्यांनी त्या बावीस वर्षांच्या मुलाचे नाव घेतले.