फेब्रुवारीअखेर अमेरिकेत बफेलोला मुलीकडे जातोय. अंदाज ‘सरासरीपेक्षा उबदार’ आहे, तर जड कोट लागेल का?

लागेल. पण तो नाशिकहून नेऊ नका, कारण शेवटी सांगतो.

तुम्ही लिहिलंय की २० फेब्रुवारीच्या सुमारास पोहोचताय, एप्रिलअखेर परत, आणि अमेरिकन हवामान खात्याच्या नकाशात बफेलोवर नारिंगी रंग दिसतोय, म्हणजे नाशिकच्या थंडीतले स्वेटर पुरतील का. मी बफेलोच्या दक्षिणेला, ईरी सरोवरापासून गाडीने दहा मिनिटांवर राहतो. हा माझा अकरावा हिवाळा. त्या नारिंगी रंगाने मीही पहिली दोन वर्षं फसलो होतो.

तो नकाशा क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर काढतं, तीन महिन्यांचा, दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी. त्यात तीन खाने असतात: सरासरीपेक्षा उबदार, सरासरीइतका, सरासरीपेक्षा थंड. काहीच सांगता येत नसेल तर तिन्हींना साधारण ३३ टक्के. उबदारचा खाना त्याहून वर गेला, समजा ४० वर, की नकाशावर नारिंगी रंग चढतो. म्हणजे असा नकाशा दहा वर्षं आला तर त्यातली चार वर्षं उबदार निघतील, उरलेली सहा नाहीत. शिवाय ही ‘सरासरी’ कुठली? बफेलोत फेब्रुवारीत दुपारचं तापमान सरासरी १ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पहाटेचं उणे ७. त्यापेक्षा दोन अंशांनी उबदार म्हणजे काय, हिशेब तुम्हीच करा. आणि तीन महिन्यांच्या त्या एका आकड्यात उणे १५ चा आठवडाही लपतो आणि पुढच्याच आठवड्यातले १४ अंशही.

म्हणून मी फेब्रुवारीत नकाशा बघतच नाही, सरोवर बघतो. ईरी हे अमेरिका-कॅनडा सीमेकडच्या पाच मोठ्या सरोवरांतलं सर्वांत उथळ, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. त्यामुळे ते लवकर तापतं आणि लवकर गोठतं. पाणी उघडं असेपर्यंत त्यावरून थंड वारा वाहिला की तो पाण्याची ऊब आणि ओल उचलतो, वर जाऊन त्याचे ढग होतात आणि किनाऱ्यावर आले की रिते होतात. याला इथे ‘लेक इफेक्ट’ म्हणतात. ढगांचा हा पट्टा अरुंद असतो. सरोवर सुमारे ३९० किलोमीटर लांब आणि बफेलो त्याच्या पूर्व टोकाला, त्यामुळे वारा नैऋत्येकडून लांबीने आला तर पट्टा शहरावर. पश्चिमेकडे थोडा वळला तर आमच्यावर. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या काही वस्त्यांत पाच फुटांहून जास्त स्नो पडला आणि काही मैलांवर उत्तरेला जेमतेम काही इंच. मी स्वतः दुकानाच्या पार्किंगमध्ये उन्हात उभं राहून समोर पांढरी भिंत उभी असलेली पाहिली आहे. आमचं घर त्या भिंतीच्या आत होतं.

गोम अशी, की सरोवर पूर्ण गोठलं तर हा स्नोचा कारखाना बंद पडतो. कडक हिवाळ्यात फेब्रुवारीपर्यंत तसं होतं. हिवाळा मऊ असेल, म्हणजे तुमचा नारिंगी नकाशा खरा ठरला असेल, तर पाणी उघडंच राहतं, आणि मग मार्चमध्ये दोन दिवसांची थंडीची लाट आली तरी पट्टा तयार होऊ शकतो. उबदार हिवाळ्यात कमी स्नो पडेल असं आपल्याला वाटतं. इथे शेवटच्या महिन्यात ते गणित उलटंही जातं. (गोठलं म्हणजे सुटलो असंही नाही. जानेवारी १९७७ च्या वादळात सरोवर आधीच गोठलेलं होतं. वाऱ्याने त्या बर्फावर साचलेला स्नोच उचलून शहरावर आणून टाकला.) मुलगी रॉचेस्टर किंवा सिरॅक्यूजला असती तर उत्तर वेगळं असतं. तिकडचं ऑन्टारिओ सरोवर खोल, ते सहसा गोठतच नाही आणि कारखाना हिवाळाभर चालू.

सरोवर गोठलं की आकाश मोकळं होतं आणि लख्ख ऊन पडतं. आपण ऊन म्हणजे ऊब समजतो. इथे फेब्रुवारीतलं निरभ्र आकाश म्हणजे बहुतेकदा सर्वांत थंड दिवस. आई पहिल्यांदा आली तेव्हा अशाच एका मार्चच्या सकाळी, ‘केवढं छान ऊन पडलंय’ म्हणत चपला घालून कचऱ्याचा डबा आत आणायला गेली. आदल्या दुपारी छपरावरचा स्नो वितळून पन्हळीतून ड्राइव्हवेवर वाहिला होता आणि रात्रीत गोठला होता. दिसायला फक्त ओलं सिमेंट. दुसऱ्या पावलाला ती खाली होती, मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. त्यामुळे प्रवासाचा विमा काढताना काटकसर करू नका, आणि दिवसा शून्याच्या वर, रात्री खाली असं तापमान असेल तेव्हा पहाटे फिरायला जाऊ नका. मेपलच्या झाडांतून रस गळायला मात्र हेच हवामान लागतं. तुम्ही असाल तेव्हा त्याचाच हंगाम असेल. एखाद्या शेतावर रस आटवताना बघून या. आपल्या गुऱ्हाळाची आठवण येईल, फक्त वास जरा लाकडी.

एप्रिलकडून फार अपेक्षा ठेवू नका. जे सरोवर डिसेंबरात आम्हाला ऊब देतं तेच वसंतात थंडावा सोडत राहतं. किनाऱ्यावर ८ अंश आणि तासाभराच्या अंतरावर आत १८ असं सर्रास होतं. नायगारा नदी ईरी सरोवरातून निघते तिथे दर हिवाळ्यात पोलादी तरंगत्या नळ्यांची लांबलचक साखळी बांधतात, बर्फ नदीत घुसून वीजकेंद्रांचं पाणी अडवू नये म्हणून. सरोवरावरचा बर्फ २५० चौरस मैलांच्या खाली आला की ती काढतात. वसंत लांबला की आमचे शेजारीआजोबा दरवर्षी बर्फ अडवून ठेवणाऱ्या त्या साखळीलाच शिव्या घालतात.

तुम्ही द्राक्षवाले, म्हणून एक सांगतो. ईरीच्या दक्षिण काठाने मैलोन् मैल द्राक्षबागा आहेत, त्या या थंडाव्याच्याच जिवावर. वेली उशिरा फुटतात आणि शेवटच्या दहिवरातून, म्हणजे गोठलेल्या दवातून, वाचतात. मार्च २०१२ मध्ये मिशिगनात अवेळी उन्हाळा आला, चेरीची झाडं फसून लवकर फुलली, एप्रिलच्या दहिवराने बहर जाळला आणि आंबट चेरीचं जवळजवळ सगळं पीक गेलं. अवकाळीचा मार फक्त आपल्याकडेच असतो असं नाही.

नायगारा दिसेल, आणि उन्हाळ्यापेक्षा गंभीर दिसेल. धबधबा वाहता असतो, कठडे आणि झाडं तुषारांनी गोठलेली. बोट मात्र बर्फ गेल्यावरच सुरू होते. तुम्ही निघायच्या सुमारास झाली तर नशीब.

आता कोट. फेब्रुवारीअखेर इथली दुकानं हिवाळी माल काढून टाकतात, चांगला कोट आणि रबरी तळाचे बूट तेव्हाच स्वस्त मिळतात. विमानतळापासून दुकानापर्यंत पुरेल एवढं अंगावर असू द्या. कानटोपी आणि आतून घालायचे थर्मल तेवढे सोबत आणा. आणि मुलीचं घर शहराच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला ते कळवा, म्हणजे स्नोचं जरा नेमकं सांगता येईल.