साठ हजारांत स्वयंपाकघर : आधी काय, मग काय

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मूळ घर मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. स्वयंपाकघर मागच्या बाजूला नंतर वाढवलेले आहे, दहा बाय बारा फुटांचे. त्याच्या तीन भिंती विटांच्या, चौथी जुन्या घराची मातीची आणि वर टिनाचे पत्रे. दर उन्हाळ्यात खालच्या कोब्याला भेगा पडतात, मोरीचे पाणी अंगणात साचते आणि खाली बसून स्वयंपाक करणे आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. यंदा कापूस विकून साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. एका दुकानदाराने मॉड्युलर किचनचा अंदाज दीड लाखाचा दिला. गावचा मिस्त्री म्हणतो, आहे त्याच कोब्यावर टाइल्स टाकून ओटा बांधून देतो, चाळीसात होईल. कोणाचे ऐकावे? — एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दोघांचेही ऐकू नका. दुकानदाराचा अंदाज आपल्या ऐपतीबाहेरचा आहे म्हणून नव्हे, तर प्लायवूडची कपाटे जमिनीला टेकवून बसवली की आपल्याकडे उधई त्यांचा फडशा पाडते म्हणून. मिस्त्रीचा सल्ला स्वस्त दिसतो. पण ज्या कोब्याला दर वर्षी भेगा पडतात त्यावर टाकलेल्या टाइल्स पुढच्या मे महिन्यात तडकतील आणि चाळीस हजारांतला बराचसा भाग वाया जाईल.

भेगांचे मूळ कोब्यात नाही, त्याच्या खालच्या काळ्या मातीत आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या कोब्याला आपल्यासोबत वरखाली करते. जुन्या गावठाणाच्या जमिनीला आपण पांढरी म्हणतो. तिथे हा त्रास त्या मानाने कमी. वाढवलेल्या खोल्या मात्र पुष्कळदा परसातल्या काळ्या मातीवरच उभ्या राहिलेल्या असतात, आणि आपल्या वर्णनावरून इथेही तसेच झालेले दिसते. म्हणून पहिला खर्च कोबा फोडून निदान दीड-दोन फूट काळी माती काढण्याचा आणि तिथे मुरूम भरण्याचा. माती काढताना विटांच्या भिंतींचा पाया उघडा पडू देऊ नका; तो उथळ निघाला, तर भिंतीलगत तेवढ्याच खोलीवर थांबा. मुरूम एकदम ओतू नये; सहा-सहा इंचांचा थर टाकून, पाणी मारून, धुम्मसाने चोपून मगच पुढचा थर टाकावा. माती काढायला आणि मुरूम चोपायला घरची माणसे लागली तर मजुरीत चांगली बचत होते. त्यावर काँक्रीट आणि वर शहाबादी फरशी. चकचकीत टाइल्सचा मोह आवरा. पाणी सांडल्यावर त्यांवरून पाय घसरतो.

खोदकाम चालू असतानाच सांडपाण्याचा पाइप टाकून घ्या. पाइपला दर चार फुटांना साधारण एक इंच उतार लागतो आणि घराबाहेर पडल्याबरोबर एक लहान, उघडता येणारी टाकी लागते, म्हणजे तेलकट गाळ आणि भाताची शिते तिथेच अडकतात. त्यापुढे शोषखड्डा. खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल नेला नाही तर काळी माती पाणी शोषत नाही आणि दोन महिन्यांत तो काठोकाठ भरून उभा राहतो. गावोगावी पडून असलेले कितीतरी शोषखड्डे याच कारणाने निकामी झालेले आहेत. विहीर किंवा बोअर असेल तर खड्डा तिच्यापासून निदान पन्नास फूट लांब ठेवा. हे जमणारे नसेल तर टाकीतून निघालेले पाणी सरळ केळीच्या आळ्यात सोडा, अंगणात नको.

आता मातीच्या भिंतीविषयी, कारण इथे मी स्वतः फसलो आहे. आईच्या स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीला मी मोठ्या हौसेने सिमेंटचे प्लास्टर करून घेतले होते. करणाऱ्यानेही हरकत घेतली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर थाप मारली की आतून डब्यासारखा पोकळ आवाज येऊ लागला आणि एका सकाळी परातीएवढा पोपडा पिठाच्या डब्यावर कोसळला. माती ओल शोषते आणि सोडते. सिमेंट तिला तसे करू देत नाही आणि तिला धड चिकटूनही राहत नाही. तेव्हा आपल्या मातीच्या भिंतीला माती-शेणाचा गिलावा किंवा चुनाच राहू द्या, ओटा तिच्यापासून दूर, विटांच्या भिंतीला लागून घ्या, आणि नळ वा मोरी तर तिच्या जवळपासही नको.

ओट्याची उंची मिस्त्रीच्या टेपवर सोडू नका. सर्रास बत्तीस ते चौतीस इंच धरतात, पण ज्वारीची भाकरी थापताना ओटा उंच असला तर सगळा जोर खांद्यावर येतो. एका टेबलाखाली विटा रचून त्यावर परात ठेवा, दोन भाकरी थापून पाहा, आणि जिथे कोपर सैल राहते व कंबर वाकत नाही तिथे खूण करा. शेगडी ठेवायची बाजू याहून चार-पाच इंच खाली घेतली तर मोठ्या गंजातले वरण ढवळणेही सोपे जाते. वरच्या फळीसाठी ग्रॅनाइट घ्या. कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा दगड असल्याने लिंबू, चिंच, ताक सांडले की त्यावर पांढरे डाग उठतात आणि ते जात नाहीत. ओट्याखालच्या उभ्या-आडव्या कप्प्यांना मात्र कडप्प्यासारखा दगड नाही. उधई त्याला काही करत नाही. कप्प्यांना दारे आज नकोत, पडदे लावा. भिंतीवर टाइल्स ओट्यापासून दोन फुटांपर्यंत पुरेत.

सिलिंडर उभाच ठेवावा आणि शेगडी त्याहून वर असावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून भिंतीच्या तळाशी जाळीचा एक झरोका ठेवणे आवश्यक आहे. मिक्सर आणि फ्रिजसाठी अर्थिंग असलेली तीन पिनांची जागा करून घ्या, मोरीपासून लांब. विजेच्या कामात काटकसर नको.

काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकावे. एप्रिलनंतर काँक्रीटवर मारलेले पाणी तासाभरात उडते आणि विहिरीही तळ गाठतात. निदान सात दिवस ओले राखल्याशिवाय काँक्रीट पक्के होत नाही. साठातला निम्म्याहून अधिक पैसा जमिनीखालीच जाईल आणि शेजारीपाजारी विचारतील की एवढे खर्चून दिसते काय. विचारू द्या. दारे, रंग, टांगती कपाटे पुढच्या कापसावर.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघराला टिनाचे पत्रे आहेत. दुपारी तिथे उभे राहवत नाही. फॉल्स सीलिंग परवडणारे नाही. — वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : मार्च संपण्याआधी पत्र्यांवर बाहेरून चुन्याचे दोन हात द्या, चुन्यात थोडा फेव्हिकॉल मिसळला की तो लवकर धुपत नाही, पावसाळ्यात गेलाच, तर पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागेल. आतून पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधा, आणि मधली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना जागा उघडी ठेवा. मात्र शेगडीच्या वर तट्टी नको. तिथे पत्रा मोकळाच राहू द्या आणि एक्झॉस्ट पंखा शेगडीमागच्या भिंतीत उंचावर बसवा.