मींड वरच्या सीच्या पुढे का तुटते

तुमचा प्रश्न असा: बेंजो पार्टीत क्लॅरिनेट वाजवताना मींड वरच्या सीपर्यंत जाते, पुढे नेली की आवाज फुटतो किंवा स्वर उडी मारतो. वाद्य बोएम सिस्टिमचं (क्लॅरिनेटच्या किल्ल्यांची आज सर्वांत रूढ रचना) आहे असं धरतो. अल्बर्ट या जुन्या रचनेवर वरच्या नोटांची बोटं वेगळी. नोटांची नावं नोटेशनप्रमाणे घ्या, बी फ्लॅट क्लॅरिनेटवर कानाला एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतं.

रजिस्टर की (डाव्या अंगठ्याजवळची, वरच्या सप्तकात नेणारी किल्ली) दाबून, अंगठ्याचं आणि पुढची सहाही भोकं बंद केली की डी. तिथून उजव्या अनामिकेपासून एकेक बोट काढत गेलं की सी येतो, आणि तिथे अंगठा सोडून सगळी बोटं वर असतात. पुढे सरकवायला बोटच उरत नाही. उलट सी शार्पसाठी चार बोटं परत खाली ठेवावी लागतात, मग मींड तुटणारच. अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'ची (१९२४) सुरुवातीची प्रसिद्ध मींडसुद्धा याच सीवर थांबते.

म्हणजे सीनंतरची मींड तोंडात असते, बोटांत नाही. म्हणून आधी वर चढायचा नाद सोडा आणि खाली ओढायला शिका. सी धरा, बोटं जागच्या जागी, फुंक तेवढीच. 'ईऽ' म्हणताना जीभ जिथे असते तिथून 'ओऽ'कडे सावकाश न्या, खालचा ओठ किंचित सैल करा. स्वर बी, बी फ्लॅट, ए असा उतरला पाहिजे. मोबाइलवर ट्यूनर लावून बघा. जबडा पाडू नका, आवाज बंद पडेल. खालच्या सप्तकात हे जमत नाही म्हणून निराश होऊ नका, तिथे वाद्याची नळी तोंडाचं फारसं ऐकत नाही.

हे जमलं की मग खरी युक्ती. वरच्या ईची बोटं अशी: अंगठा आणि रजिस्टर की, डावी तर्जनी वर, डाव्या हाताचं मधलं बोट व अनामिका बंद, उजवा हात मोकळा, उजव्या करंगळीने ई फ्लॅटची की. ही बोटं ठेवून जिभेने स्वर सीपर्यंत खाली दाबून धरायचा, म्हणजे सा-गएवढं अंतर. आता डीपासून बोटं सरकवत या, बीच्या आसपास जीभ 'ओऽ'ला आणा, त्याच क्षणी ईची बोटं टाका आणि जीभ हळू 'ईऽ'कडे उचला. सांधा ऐकू येत असेल तर बोटं टाकायच्या आधीच तुम्ही जीभ उचलताय. किंचाळल्यासारखा आवाज आला तर ओठाने चावताय. एफ शार्पला जायचं तर तिथूनच डावी अनामिकाही सरकवून काढा.

बोट उचलायचं नाही, तळहाताकडे ओढत भोक उघडायचं. भोकाभोवतीची रिंग शेवटपर्यंत दाबलेली राहू द्या, ती आधी सुटली की स्वर टुणकन वर जातो. चतुर्थीच्या दमट हवेत घामाने बोट भोकाला चिकटतं, म्हणून खिशात सुती फडकं हवंच.

रीड (मुखात बसवायची, फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी) अडीच किंवा तीन नंबर. त्याहून मऊ रीड वरच्या नोटांना मिटते, फार कडक खाली वाकत नाही. पावसाळ्यात एकच रीड रोज वापरली तर ती फुगते आणि वाकडी होते. तीन-चार रीड आलटून पालटून वापरा, पुसून सपाट काचेवर वाळवा, ओल्या असताना डबीत बंद केल्या तर बुरशी धरते.

सगळं बरोबर करूनही वर जाताना खरखर येत असेल, तर रजिस्टर कीच्या नळीत पाणी साचलंय का बघा. की उघडून जोरात फुंका, मग वाद्याच्या मुख्य नळीतून फडकं ओढा. कीखालचं पॅड (भोक झाकणारी गादी) चिकटत असेल तर खाली टिपकागद धरून की दोन-तीनदा दाबा, पावडर नको. आणि खाऱ्या हवेत कीच्या स्टीलच्या स्प्रिंगा गंजतात, त्यांना टाचणीच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब.