झेरमाटला जरूर जा, पण येत्या मे महिन्यात नको

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय. लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, म्हणून येत्या मेमध्ये दोघांनी स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला जायचं ठरवलंय. खर्च चार लाख. त्यासाठी वैयक्तिक कर्ज घ्यावं की सहा लाखांची मुदत ठेव मोडावी, असं त्या विचारतात. घरात सव्वा लाख येतात, मुलगी इंजिनिअरिंगला आहे, सासूबाई सोबत राहतात.

ताई, दोन्ही नको. चार लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत, तर महिन्याला साधारण 13,670 रुपये हप्ता आणि एकूण 92 हजार रुपये व्याज. आणि ठेव? तुमच्याकडे आजारपणासाठी वेगळी रक्कम दिसत नाही, म्हणजे ती ठेव हीच तुमची अडीअडचणीची पुंजी. वयस्कर माणूस घरात असताना तिला हात लावू नका.

शिवाय मे महिना झेरमाटसाठी मला पटतच नाही. गाव 1,600 मीटरवर आहे आणि मेमध्ये वरच्या पायवाटांवर बर्फ असतो. तुम्हाला ज्या पाच तळ्यांच्या वाटेने चालायचंय, ती गावाच्या वरच्या ब्लाउहेर्ड स्थानकाहून निघते आणि सप्टेंबरमध्ये छान चालता येते. म्हणून पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरचं ठरवा. हातात वीस महिने आहेत. दरमहा वीस हजारांची आवर्ती ठेव सुरू केलीत, तर साडेसहा टक्के व्याज धरून सव्वाचार लाखांच्या आसपास जमतील. वरचे पंचवीस हजार लागतीलच, कारण तिथलं चलन, स्विस फ्रँक, दहा वर्षांपूर्वी सत्तर रुपयांच्या आत होता, आज शंभराच्या वर आहे.

आता खर्च कुठे करायचा ते. तुम्ही पाठवलेल्या सहलीत सात दिवसांत पाच गावं आहेत. त्यापेक्षा झेरमाटलाच चार रात्री राहा, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. गावात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे, खालच्या टॅश गावाहून बारा मिनिटांची रेल्वे आहे. किराणा दुकानातून भाज्या आणा, मेतकूट-तांदूळ घरून न्या. मात्र मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. एकदा तरी राक्लेट खा: वितळवलेलं चीज उकडलेल्या बटाट्यावर घेतात, ते याच वालिस प्रांतातलं. कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा, पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं.

महाग असतं ते डोंगरावर चढणं. 1898 पासून चालणारी गोर्नरग्राट डोंगराची रेल्वे 3,089 मीटरवर नेते, तिचे पैसे मनापासून खर्च करा. परतताना रोटनबोडेन स्टेशनवर उतरून खालच्या रिफेलबर्ग स्टेशनपर्यंत चाला. वाटेतल्या रिफेलझे तळ्यात, वारा नसेल तर, मॅटरहॉर्न शिखर उलटं दिसतं. या चालण्याला तिकीट नाही. 3,883 मीटरवरची केबल कार मी तुमच्या यादीतून काढली असती. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरावीक दिवस देशभर फिरायचा एकच पास, झेरमाटपर्यंत चालतो, वरच्या रेल्वेत फक्त सवलत देतो. एकाच गावात राहणाऱ्याला अर्ध्या दरात तिकीट देणारं हाफ फेअर कार्ड बहुधा स्वस्त पडतं, दोन्हींचा हिशेब मांडून बघा.

स्वित्झर्लंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या अनेक देशांचा एकच व्हिसा) 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, पण तुमच्या वयाला मी त्याहून मोठा घ्यायला सांगेन. अर्ज सहा महिने आधी करता येतो, तेव्हा पुढच्या वर्षीच्या मार्चमध्येच कागद जमवायला लागा. सहल कंपनीकडून घेतलीत, तर कंपनीने तुमच्याकडून घेतलेला टीसीएस (तुमच्या नावे सरकारकडे आगाऊ भरला जाणारा कर) प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवायला विसरू नका, तो तुमचाच पैसा आहे.