टीएयू-१ उडदाला 'किरणांचं बियाणं' का म्हणतात? ते खायला आणि राखून पेरायला चालतं का?

भाऊ, खाणं आणि राखणं, दोन्हीचं उत्तर हो. कळण्याच्या भाकरीला खुशाल दळा. गॅमा किरण दाण्यातून एक्स-रेसारखे आरपार जातात, दाणा किरणोत्सारी होत नाही. शिवाय तुमच्या पोत्यातल्या उडदाला किरण लागलेलेच नाहीत. ते लागले त्याच्या कितीतरी पिढ्या आधीच्या वाणाला. त्यातून टपोऱ्या दाण्याचा यूएम-१९६ निघाला, त्याचा टी-९ या उडदाच्या वाणाशी संकर झाला आणि १९८५ मध्ये टीएयू-१ आला. नावातला टी ट्रॉम्बेचा (मुंबईतलं भाभा अणुसंशोधन केंद्र), ए अकोल्याचा (तिथलं कृषी विद्यापीठ), यू उडदाचा. टीएजी-२४ भुईमुगातही हीच जोडी आहे.

किरणांनी वाण सुधारायची पद्धत जुनी आहे. १९२७ मध्ये मुलर या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांनी चिलटांत उत्परिवर्तन (पुढच्या पिढीत उतरणारा गुणांतला बदल) घडवलं, १९२८ मध्ये स्टॅडलर या शास्त्रज्ञाने सातू आणि मक्यात. आपल्याकडे सोनोरा-६४ गव्हाचा दाणा लाल, पोळीला कोणी घेईना. त्यापासून किरणांनीच पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा केला, १९६७ मध्ये.

किरण द्यायला फार वेळ लागत नाही. खरी मेहनत पुढची, आणि तिचं मोल लोकांना कळत नाही याचं वाईट वाटतं. किरणांची मात्रा आधी थोड्या बियांवर वेगवेगळी देऊन ठरवतात: कमी पडली तर बदल नाही, जास्त झाली तर रोप मरतं किंवा शेंगच भरत नाही. पहिल्या पिढीत झाडं खुजी, पानं वेडीवाकडी. त्यावरून निवड करायची नसते, कारण बहुतेक बदल अप्रभावी असतात, दबून राहतात. म्हणून एकेका झाडाचं बी वेगळं काढून दुसऱ्या पिढीत एकेक ओळ पेरतात. तिथे काही ओळींत पांढरीफटक रोपं उगवून थोड्याच दिवसांत मरतात. मात्रा लागू पडल्याची ती खूण. कामाचं झाड हजारोंत एखादं, म्हणून दुसरी पिढी लहान वाफ्यात उरकली की हाती काही लागत नाही. मिळालेला गुण तिसऱ्या पिढीत टिकला तरच पुढे उत्पादनाच्या चाचण्या, त्याही वेगवेगळ्या ठिकाणी. यात आठ-दहा वर्षं जातात.

राखायचं म्हणाल तर उडीद स्वपरागी, म्हणजे फुलाला स्वतःचाच पराग लागतो, त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही. बिघडतं ते खळ्यावरच्या भेसळीने. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना वेगळी दिसणारी, वेल सोडणारी झाडं मुळासकट उपटा. बियाण्याचं खळं वेगळं करा. दाणा ९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. दाताखाली दबला तर अजून ऊन द्या, कट्कन फुटला की भरा.