इटालियन व्याकरण इंग्रजीतून नको, मराठीतून शिक

लातूरहून विचारलंयस: इटालियनची बी-१ (मधली) पातळी झाली, सप्टेंबरात इटलीत बोलोन्याला शिकायला यायचंय, पण भूतकाळात मदतीला 'आव्हेरे' (जवळ असणं) हे क्रियापद घ्यायचं की 'एस्सेरे' (असणं) हे अजून अंदाजपंचेच चालतं आणि कोंजुंतीवो, म्हणजे इच्छा-शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, डोक्यावरून जातं. मी मूळचा अंबाजोगाईचा, इकडे बरीच वर्षं झाली. इंग्रजी पुस्तकं आधी बाजूला ठेव. यातलं बरंचसं इंग्रजीत नाहीच, आपल्याकडं आहे.

'तो गेला', पण 'त्यानं खाल्लं'. हा 'नं' लागतो तिथं बहुधा आव्हेरे, नाही लागत तिथं एस्सेरे: 'आ मांजातो', 'ए आंदातो'. ती गेली असेल तर 'आंदाता'. फसगत कुठं होते तेही सांगतो. 'तो झोपला', 'तो हसला' म्हणून एस्सेरे लावशील, पण दोर्मीरे आणि रीदेरे आव्हेरेच घेतात. उलट आंघोळ 'त्यानं केली', तरी 'सि ए लाव्हातो', कारण 'सि'वाल्या, म्हणजे 'स्वतःला' अशा अर्थाच्या क्रियापदांना कायम एस्सेरे. हे अपवाद वेगळ्या वहीत लिहीत जा.

भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, हा फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. इटालियन माणूस तो सर्वनाम आधी आलं की करतो: 'ओ मांजातो ला पीत्सा', पण 'ती खाल्ली' म्हणायचं तर 'लो मांजाता'.

कोंजुंतीवोत मराठी अर्धीच कामाला येते. 'त्यानं यावं' मधलं 'यावं' म्हणजे 'व्होल्यो के व्हेंगा', इथवर ठीक. पण 'मला वाटतं ती घरी आहे' यात आपण 'आहे'च म्हणतो, तिकडं मात्र 'पेन्सो के सीआ आ कासा'. खात्री असली की परत साधं: 'सो के ए आ कासा'. सीआ, आब्ब्या, व्हादा, फाच्चा, पोस्सा (असणं, जवळ असणं, जाणं, करणं, शकणं यांची रूपं) ही घोकायचीच, दुसरा इलाज नाही.

'कळलं असतं तर आलो असतो' म्हणजे 'से लो आव्हेस्सी सापूतो, सारेइ व्हेनूतो'. आपल्याकडं दोन्हीकडं 'असत-'च, म्हणून 'से' (जर) नंतर 'आव्हेस्सी'ऐवजी 'आव्हरेइ' तोंडात येतं, ते टाळ. बाजारात 'से लो सापेव्हो, व्हेनीव्हो' ऐकशील. बोल खुशाल, पेपरात लिहू नकोस.

पास्सातो रेमोतोचं, म्हणजे गोष्टी-पुस्तकांतल्या जुन्या भूतकाळाचं, टेन्शन घेऊ नको. उत्तरेत बोलण्यात तो फारसा नाही, वाचताना ओळखता आला की झालं.

इटालियन माध्यमाच्या पदवीला साधारण बी-२, म्हणजे तुझ्या पुढची पातळी, मागतात. त्यासाठी सिएनाच्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठाची चिल्स किंवा पेरूज्याच्या तशाच विद्यापीठाची चेली ही परीक्षा असते. तुझ्या अभ्यासक्रमाच्या सूचनापत्रात कोणती चालते ते बघ, मगच फी भर.